रिकामी ओळ

बेझान आजोबांचा फोन सकाळी नऊला,
दुपारी दोनला,
आणि मी कुबदारीचा पहिला घास तोंडात घालते तेव्हा.
"लियाना, तुझं यंत्र मला पुन्हा विसरलं."

मेस्तियाच्या पाणीपट्टीची वेबसाइट.
लिहिली मालखाझने. तो आता जर्मनीत असतो,
फोन उचलत नाही.
नाव टाका, पासवर्ड टाका, आत या,
मीटरचा आकडा भरायला पुढचं पान उघडा,
की ये रे माझ्या मागल्या:
आपण कोण?

आमच्या घरी दारात आलेल्याला आधी बसवतात,
भाकरी पुढे करतात, पेला भरतात,
नाव मग कधीतरी, बोलण्याच्या ओघात.
आणि हा सर्व्हर
दर खोलीच्या उंबऱ्यावर आडवा,
तोच प्रश्न, तोच कोरा चेहरा.

माझ्या लॅपटॉपवर तर नीट चालतंय.
हे मी नगरपालिकेत म्हटलं.
साहेब म्हणाले, मग आजोबांना तुझा लॅपटॉप नेऊन दे.

रात्री बसले, घोडं कुठं पेंड खातंय ते बघायला.
बाहेर दगडी बुरुज बर्फात उभे,
आत हीटरची एकच कांडी लाल.
कुकीचं नाव पाहिलं. तिची मुदत पाहिली.
सर्व्हरचं घड्याळ चार तास मागे असेल म्हणून तेही पाहिलं,
नव्हतं.
मग सेशनच्या फाइली उघडल्या, एकेक.
चारशे बारा.
प्रत्येकीत बेझान,
प्रत्येकीत एकदाच आलेला,
नंतर न फिरकलेला.
एका माणसाच्या चारशे बारा पहिल्या भेटी.

म्हणजे सर्व्हर विसरत नव्हता.
ओळखीची चिठ्ठीच आजोबांच्या हाती पडत नव्हती.
ती पाकिटावर लिहायची असते, आधी, सगळ्यात आधी,
आणि पाकीट तर केव्हाच निघून गेलेलं.
सर्व्हर बिचारा ओरडतही असेल,
पण मालखाझने सगळ्या सूचना गप्प करून ठेवलेल्या.
त्याचाही स्वभाव तसाच होता म्हणा.

तोंड उघडू दिल्यावर सर्व्हर एका दमात बोलला:
सेटिंगची फाइल. ओळ एकतीस.
तिथे काहीच नव्हतं.
अक्षरशः काहीच नाही.
स्क्रिप्ट संपल्याची खूण, आणि तिच्या खाली
एक एंटर, जास्तीचं.
कुणी जेवायला हाक मारली असेल,
उठता उठता बोट पडलं असेल.
ते शून्य सगळ्यांच्या आधी दाराबाहेर धावत होतं,
आणि त्याच्यामागे दार लागत होतं.
माझ्या लॅपटॉपवर नाही, कारण माझा लॅपटॉप
सगळं पोटात साठवून मग बोलतो.
गावचा जुना सर्व्हर, मनात येईल ते लगेच ओठावर.

मी ती ओळ पुसली.
पुसताना पडद्यावर काहीच बदललं नाही.

सकाळी नऊला फोन नाही.
दोनला नाही.
कुबदारी अख्खी खाल्ली, गरम.

चौथ्या दिवशी आजोबा, हसू दाबत:
"आता दर पानावर नाव घेऊन नमस्कार करतंय.
फार अदब आली गं त्याला.
फक्त एक गोष्ट.
वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर माझं झालं,
'बाहेर पडा' दाबलं, उठलो.
माझ्या खुर्चीत ओतार बसला.
त्यालाही ते बेझानच म्हणालं.
त्याला वाचायचा कंटाळा, तुला माहीत आहे.
त्याने माझी पाणीपट्टी भरली."

मी फाइल उघडली.
'बाहेर पडा'च्या खाली मालखाझने
पहिल्या पानाची वाट तेवढी दाखवली होती,
सेशन मोडलंच नव्हतं.
आजवर कुणाच्या लक्षात कसं येणार?
आत टिकलंय कोण, बाहेर पडायला?

"दुरुस्त करते, आजोबा. आत्ताच."

"कर की," ते म्हणाले.
"पण घाई कशाला?
ओतारचं मार्चचं बिल अजून यायचंय."