शनिवारचे दोन तास

फॉर्मावर पहिलाच प्रश्न:
रुग्ण स्वतः कार्यालयात येऊ शकतो का?
मी लिहिलं, नाही.
खिडकीतले नेवारे बाबू म्हणाले,
येऊ शकत नाही, हे दिसायला तर पाहिजे.
एकदा घेऊन या ना जी.

मग रोशनच्या धानाच्या टेम्पोत
पिठाचे रिकामे कट्टे अंथरले,
वर गोधडी, गोधडीवर बाई.
लाखांदूरपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर धरून होतो
आणि वाऱ्यानं उडणारा कोंडा
तिच्या तोंडावरून पुसत होतो.
बाबू जिना उतरून खाली आले,
टेम्पोत डोकावले,
ठीक आहे म्हणाले. अर्धं मिनिट.
जाताना मात्र त्यांनी गोधडीचं टोक
तिच्या पायांवर ओढलं.

मग अंगठा.
उजवा हात तर झटका आला त्या दिवशीच गेला,
डावा मी धरून ठेवला यंत्रावर.
लाल दिवा.
बोट पुसा, पुन्हा ठेवा.
पुसलं. पुन्हा लाल.
चाळीस वर्षं विड्या वळल्या या बोटांनी,
रोजच्या हजार.
रेघा तेंदूच्या पानांनी कधीच नेल्या होत्या,
यंत्र कुठून वाचणार?
शेवटी डोळ्यावर धरलं.
डोळा तिचाच निघाला.

रुग्णाशी नाते: भाऊ.
घरात बाईमाणूस नाही का कोणी?
आहे ना, म्हटलं, तीच तर आहे.

रोजच्या मदतीला किती वेळ लागतो, मिनिटांत लिहा.
आंघोळ चाळीस. जेवण पंचवीस, भात पातळ केला तर वीस.
रात्री तीनदा उठून कूस बदलतो
त्याला जागाच नव्हती कागदावर,
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
माझ्या चक्कीची मोटर
तिनं विड्यांच्या मजुरीतून घेऊन दिली,
हे लिहिलं नाही.
ते कोणी विचारलंही नव्हतं.

सात महिन्यांनी स्कूटीवर सुकेशनी आली.
मंगळवार, शनिवार, दोन-दोन तास,
पगार सरकारचा.
बाईनं भिंतीकडे तोंड केलं, दात आवळले.
मले वाटलं, गेली ही आता.
पण ती पोरगी कोपऱ्यातलं सूप उचलून म्हणाली,
मावशी, माह्या आईचंही असंच होतं,
काठ असाच झिजलेला.
आणि सूप मांडीवर घेऊन
तांदूळ निवडत बसली, काही न बोलता.
तिसऱ्या खेपेला बाईनं केस धुऊ दिले.
त्या गुंत्याला हात लावायला मी भीत होतो, ओढलं तर दुखेल म्हणून.
त्यातून धानाचं एक फोल निघालं.
सुकेशनीनं ते तळहातावर धरलं,
माझ्याकडे पाहिलं नाही.

या दोन तासांचं काय करायचं, मला कळेना.
पहिल्या शनिवारी चक्कीच्या ओट्यावर बसून
घरातले आवाज ऐकत राहिलो.
दुसऱ्या शनिवारी तलावाच्या पाळीवर गेलो,
मोहाच्या सावलीत जरा टेकलो
आणि मेल्यासारखा झोपलो.
मुंग्यांनी उठवलं. धावत आलो.
सुकेशनी दारात होती, हेल्मेट हातात.
वही पुढे केली, सही करा.
तीन तास होत आले होते.
तिनं दोनच लिहिले होते.

आता वर्ष भरलं.
नूतनीकरणाचा कागद आला आहे:
रुग्णाच्या प्रकृतीत सुधारणा आहे काय? हो / नाही.
हो म्हटलं तर स्कूटी बंद होते.
नाही म्हणायला पेन टेकवलं दोनदा.
पण काल संध्याकाळी
चक्की बंद करून तिच्याजवळ बसलो तर
डावा हात हळूहळू वर आला,
माझ्या खांद्यापाशी थांबला, थरथरला,
आणि सदऱ्यावरचं पीठ
तिनं झटकून काढलं.