गुळाचं माप

चिनी महाल म्हणतात त्याला,
आणि चुन्यात आम्ही घालतो गूळ.
इद्रीस मिस्त्री हसतो यावर, दरवेळी,
जणू आत्ताच सुचलं.

दहा किलो चुन्याला पाव किलो गूळ,
बेलाचा गर, हिरड्याचं पाणी,
रात्रभर भिजलेली उडदाची डाळ.
मग पंधरा दिवस मुरवायचं.
मिस्त्री खुलताबादचा, मी अब्दीमंडीची,
घमेलं माझ्याकडं.
गुळाच्या वासानं मुंग्या येतात
गडाच्या इतक्या वर, एकामागं एक,
जशी कधीकाळी खालच्या रस्त्यानं
पैठणची गाठोडी भडोचकडं जायची.

भिंतीवर निळं फार उरलं नाही.
टाइल पडली तिथं तिची पाठ राहिलीय,
चुन्यात उमटलेली.
मिस्त्री आधी तळहात टेकवतो तिथं,
तापल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.
मग ब्रश.

साहेबांनी खोक्यातून नव्या टाइला पाठवल्या.
पेंढ्यात गुंडाळलेल्या, सगळ्या सारख्याच निळ्या,
शाळेच्या गणवेशासारख्या.
जुनी कुठं जांभळाकडं झुकते,
कुठं माझ्या आईच्या गोंदणासारखी हिरवट.
मिस्त्रीनं एक उचलली, उन्हात धरली.
"नक्को बाई. ये नील चलके नई आया,
गाडी में बैठके आया."
खोकं बंद.

परवा शिडीवरून हाक मारली त्यानं.
वरच्या ओळीत
वेल सगळीकडं उजवीकडं वळते,
एकच टाइल डावीकडं.
उलटी बसलेली.
मुकादमाची नजर नव्हती, की ऊन डोळ्यांवर आलं,
की घर आठवलं असेल त्याला,
इस्फहानचा असेल, मुलतानचा,
नाहीतर इथलाच, मावसाळ्याचा.
चुना ओला होता तोवर कुणी पाहिलं नाही.
मग सुकला.

गाइड खाली कैदेतल्या राजांचं सांगत होता.
मी विचारलं, नीट करायची का?
मिस्त्री बोलला नाही.
कडेला नखाएवढी फट होती, ती भरली.
उलटीला उलटंच पक्कं केलं.
अंगठा काढायला जरा उशीर लावला त्यानं.

संध्याकाळी पायथ्याशी
सीताफळवाल्या पाट्या आवरत होत्या.
एकीनं विचारलं, काय गं मथुरा,
बोटांना पांढरं काय?
गूळ, म्हटलं.
तिला खरं वाटेना.
मी बोट पुढं केलं.