सूत

आमच्या वडगावात सूत म्हणजे धागा.
उद्यमबागेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
मधे तिसरं रेल्वे गेट, चेन पडणारी सायकल
आणि आयटीआयची ती खिडकी

जिथं ट्रेडच्या रकान्यात मी टर्नर लिहिलं
आणि क्लार्कनं पेन्सिलीनं बाजूला लिहिलं, शिवण?
फॉर्म परत सरकवला, मायेनंच.
"घे की बाळ विचार करून. उभ्यानं करायचं काम ते."
आई तेव्हा दोन यंत्रमागांच्या मधे उभी असणार,
सकाळी आठपासून.
मी खोडरबर मागितलं. त्यानं दिलंही.
शिवण पुसलं गेलं.
प्रश्नचिन्हाचा वळ राहिला कागदावर.

लेथ कुणाच्या मापानं उभा केला होता कोण जाणे.
हँडव्हील माझ्या छातीशी,
तापलेला कीस उडायचा तो नेमका गळ्यावर.
महिनाभर टाचा उचलून टर्निंग केलं,
रात्री पोटऱ्या दगडासारख्या.
बाबांनी काही विचारलं नाही.
मोडीत काढलेल्या हातमागाची बसायची फळी सोडवली,
खाली दोन पट्ट्या ठोकल्या,
माझ्या टाचेशी टेप धरून म्हणाले,
"दोन इंच चार सूत. बघ पुरतंय का."
पुरलं.
पोरं हसली. नवरी पाटावर उभारली बघा, म्हणाली.

हिरेमठ मास्तर कन्नडात शिकवायचे, पुस्तक इंग्रजीत,
मी मराठी शाळेतली,
आणि मशीनवरची पितळी पट्टी झिजून झिजून
कुठल्याच भाषेत उरली नव्हती.
टॉलरन्स मी डिक्शनरीत बघितलं: सहनशीलता.
हुक्केरीचा परप्पा त्याच्या डिक्शनरीत बघून आला: ताळ्मे.
दोघंही विचार करत बसलो,
लोखंडाला कसली आलीय सहनशीलता.
मास्तर म्हणाले, "नोडव्वा,
किती चुकलं तर चालतंय, तेवढंच ते."

तेवढंच.
परप्पाचा जॉब अर्धं सूत कमी भरला तर परप्पा चुकला.
माझा भरला तर
खिडकीपर्यंत बातमी, पोरींना जमत नाही.
प्लस शून्य, मायनस शून्य.
असं ड्रॉइंग कुणी शहाणा माणूस काढत नाही.
खरं मी दोन वर्षं त्याच्यावरच काम केलं.

मधे कांजिण्या निघाल्या, पंधरा दिवस घरी.
परत आले तर फळीवर ग्रीसचे ठसे,
माझ्या पायाहून मोठ्या बुटांचे.
परप्पा जमिनीकडं बघत म्हणाला,
"माझी बी उंची कमीच की. खरं मागायचं कसं?"

बावीस वर्षं झाली.
मच्छेच्या कारखान्यात मी आता दुसऱ्यांचे जॉब मापते,
पास करते, नाहीतर लाल रंग लावून बाजूला काढते.
बायकांच्या संडासाची किल्ली वॉचमनकडं असायची,
अर्ध्या किलोच्या रिजेक्ट बुशला बांधलेली,
हरवू नये म्हणून.
घेऊन निघालं की अख्ख्या शेडला कळायचं.
गेल्या सोमवारी मी दोरी कापली.
बुश भंगारात. किल्ली दारातच.
कुणी काही बोललं नाही.
दोघी ट्रेनी हसल्या, बस्स.

गुरुवारी आयटीआयनं बोलावलंय.
नवीन मशीनं येणार, पाया अजून ओतायचाय.
फळी तिथंच आहे म्हणे, खालच्या अंगाला नावं कोरलेली,
मराठीत, कन्नडात, एक उर्दूत,
आणि एका कोपऱ्यात नुसताच आकडा, एकशे अठ्ठेचाळीस,
कुणाची तरी उंची असणार.

बाबांची टेप घेतलीय पिशवीत,
पहिला इंच तुटलाय तिचा,
दोनपासून मोजावं लागतं.
मी सांगणार आहे, आधी पोरं-पोरी उभी करा इथं,
सगळी,
मग कालवा सिमेंट.