कोपराकडे

वैशाखात कंपूच्या रस्त्यावर लू सुटते
तेव्हा हाडांची खोली गार असते.
रामजीलाल गोणपाटातून एकेक काढतो,
दंडाची हाडं, डावी इकडे, उजवी तिकडे,
पंगतीला पानं मांडावीत तसा, न बोलता.

मी जे शोधते ते फार लहान आहे.
आतल्या अंगाला, मध्याच्या जरा खाली
राजगिऱ्याचा एक दाणा मावेल एवढं भोक.
इथून एक नस आत जायची
रक्त घेऊन, पार मगजापर्यंत.
इंजेक्शनची चोवीस नंबरची सुई घालून बघायचं
ती कुठे कलते.
कोपराकडे.
पुढच्या हातातली दोन हाडं घेतली
तर त्यांत ती उलटी वर चढते,
पण तीही कोपराकडेच.

मुंगी सरांनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं:
ज्या टोकाला हाड जास्त वाढतं
त्या टोकाकडे पाठ करून नस आत शिरते.
म्हणजे पोर लांब होत असते
ती खांद्याशी आणि मनगटाशी.
कोपर आपलं जागच्या जागी,
फ्रॉकच्या बाह्या आखूड होताना बघत.

लांबी तीनशे पाच.
वरून भोकापर्यंत एकशे शहात्तर.
भागिले, गुणिले शंभर: सत्तावन्न पूर्णांक सात.
नावं नाहीत. काळ्या शाईचे आकडे आहेत,
तेही काहींचे घासले गेलेत.

एकात दोन भोकं निघाली.
‘दो कनेक्सन,’ रामजीलाल म्हणाला,
‘कोऊ अफसर रहो होगो.’
आमच्या जनकगंजात तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड येतं,
त्याच्या गल्लीत त्याहून कमी.
आम्ही दोघंही हसलो.

मग त्र्याऐंशी नंबर.
त्याने ते खिडकीशी नेऊन फिरवलं, पुन्हा फिरवलं.
‘जामें तो है ही नइयाँ, मॅडम.’
मी ब्रशने धूळ काढली, भिंग धरलं,
नखाने चाचपलं. नव्हतं.
पुस्तकात दिलंय, असतात अशी हाडं.
वरच्या पातळ सालीतून जे झिरपतं
त्यावर निभावतात.
आखूड नव्हतं, पोकळ नव्हतं,
स्नायू धरल्याच्या खुणा उलट खरखरीत, ठसठशीत.
ज्या कुणाचं होतं
त्याने पोती उचलली असतील, नाहीतर
कणीक तिंबली असेल चाळीस माणसांची.
आपल्याला दार नाही
हे त्या हाताला कधी कळलं नसेल.

मागच्या कार्तिकात आई जिन्यावरून पडली.
दंड मोडला, नेमका तिथेच.
पट्टी बसवली, आठ स्क्रू.
सहा महिने झाले, जुळत नाहीये.
सर्जन म्हणाले, वय आहे.
मी फिल्म ट्यूबलाइटपुढे धरून
वरून चौथ्या स्क्रूपर्यंत डोळ्यांनी मिलिमीटर मोजले.
कुणाला काही बोलले नाही.
काय बोलणार? की राजगिऱ्याएवढी जागा होती?

शाळेच्या दिवसांत हाच रस्ता ओलांडताना
ती माझा हात नाही, दंड धरायची.
अंगठा आतल्या अंगाला रुतायचा,
मध्याच्या जरा खाली.
मला राग यायचा. चारचौघांत असं कोण धरतं?
आता मी तिला धरते,
दुसऱ्या बाजूने, जपून,
आणि तीही हात झटकून म्हणते,
‘अगं, चालते ना मी.’

तक्त्यात लिहिलं: त्र्याऐंशी, उजवं, भोक नाही.
शेऱ्याचा रकाना
पेनाचं टोक टेकवून तसाच ठेवला.

रामजीलाल हाडं परत गोणपाटात भरतोय.
‘जे वारी अलग धर दऊँ का?’
नको, म्हटलं. सगळ्यांतच राहू दे.

पाच वाजत आले.
आज आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे
आणि आईला एका हाताने
नळाखाली हंडा सरकवता येत नाही.