अठ्ठेचाळीस टक्के

प्रपत्र सात, रकाना चौथा:
‘पुरवठा करावयाच्या मालातील देशी हिश्शाची टक्केवारी’.
कुपवाडच्या एमआयडीसीत मार्चचं ऊन पत्र्यावर तडतडतंय
आणि माझ्यापुढं बिलांची चवड, वर पेपरवेट म्हणून
कधीतरी फसलेल्या कास्टिंगचा एक तुकडा.

सहा पंप. आटपाडीकडच्या उपसा योजनेचे.
पैसा सरकारी, म्हणून अट सरकारी:
निम्मा माल देशातला हवा,
नाहीतर पाकीट उघडणारसुद्धा नाहीत.

लिहीत गेले.
केसिंग आपलं. इम्पेलर आपला. खालची फ्रेम आपली.
बेअरिंग बाहेरचं. सील बाहेरचं. स्लीव्ह बाहेरची.
मोटर कोल्हापूरची म्हणतात,
पण तिच्या पोटातला पत्रा कुठला,
ते विक्रेत्यानं शपथपत्रात फार गोल गोल लिहिलंय.
बेरीज तीनदा केली.
अठ्ठेचाळीस.

मगदूम अण्णांनी चष्मा कपाळावर सारला.
“दोन टक्के तर आहेत, विजयमाला. बसव कुठंतरी.”

मग मी दोन टक्के शोधायला शॉपवर गेले.

भट्टीत भंगार पडत होतं,
साखर कारखान्याचे झिजलेले रोलर,
आणि त्यांच्यावर कंटेनरमधून आलेले
कुठल्या कुठल्या मुलखातल्या मोटारींचे इंजिन-ब्लॉक.
दस्तगीरला विचारलं, ह्याला कुठलं म्हणून लिहू?
तो झाऱ्यानं मळी काढत होता, मान न वळवता म्हणाला,
“पातळ झाल्यावर काय इचारताय बाई.
आता ह्ये साच्याचं.”

वाळू चाळणारी पोरं पलामूची.
देशीच की. पण त्यांची मजुरी आधीच धरलेली.
कोअरमध्ये काकवीसारखी चिकट मळी, तीही कारखान्याची,
वासासकट इथली,
आणि हिशेबात शून्य पूर्णांक शून्य चार.

माळ्यावर चढले.
तिथं केसिंगचा सागवानी फर्मा, धुळीत, कुशीवर निजलेला.
तातोबा सुतारानं केलेला, कवठेपिरानचा.
सहा आठवडे लागले होते त्याला, रंधा दुसऱ्याला देत नसे.
माझ्या लेजरमध्ये त्याची आजची किंमत:
घसारा वजा जाता, रुपया एक.

फर्म्याच्या पाठीवर पेन्सिलीचं गिचमीड होतं.
‘फुटाला सूत १ जास्ती.’
लोखंड निवताना आखडतं,
म्हणून तातोबाची पट्टीच वेगळी असे,
फुटामागं एक सूत लांब.
तिच्यावर मापलेलं लाकूड
दुसऱ्या कुठल्याही पट्टीवर चुकलेलंच दिसे.

मला वाटलं, रुपयाच्या जागी दोन लाख टाकावेत.
कोण येणार होतं माळ्यावर?
खरं सांगायचं तर आकडा मांडूनही पाहिला.
बसत होता.

खाली आले आणि अठ्ठेचाळीस लिहिलं.
फार मोठं काही केलं असं वाटलं नाही.
भूक लागली होती, डबा गार झाला होता.

अण्णा बराच वेळ कागदाकडं बघत राहिले.
मग माधवनगरच्या लेथवाल्याला फोन लावला:
स्लीव्ह तुझ्याकडं टर्न होईल का? किती? कधी?
कधीच्या उत्तरावर गप्प झाले.
पंधरा दिवस जास्ती.
उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का,
म्हणजे देशी होण्यासाठी टक्काभर खिशातून.
“धर,” म्हणाले. मला की त्याला, कळलं नाही.

प्रपत्र सात मी दुसरं काढलं.
एक्कावन्न.
ह्या वेळी बेरीज एकदाच केली.

सायरन झाला तसा दस्तगीर हात धुऊन बाकावर टेकला.
साचा अजून फोडायचा होता.
आत केसिंग निवत होतं,
आपल्या आपण,
फुटाला एक सूत.