ओल्या बोटाचं गाव

साडेबारा ते तीन, ऑगस्टात, कायद्यानं काम बंद.
अजमानच्या सनाइयात आमची सहाही यंत्रं गप्प,
फक्त कूलरचं पाणी पत्र्यावर ठिबकतंय.

ओरेस्ते आला होता कारारातून
पाचशे अकरा नंबरच्या स्लॅबची तक्रार बघायला.
तडा, की तड्यासारखी दिसणारी शीर,
एवढाच दोन कंपन्यांचा वाद.
त्यानं टिचकी मारली, कान लावला,
माझ्या बापानं लावला असता तसा.
"शीर," तो म्हणाला.
"शीरच," मी म्हणालो.
तिथून आमचं जमलं.

त्याचं अर्धं इंग्रजी, माझं पाव,
उरलेलं गुलजमानच्या पठाणी हिंदीतून.

मग त्यानं बादलीत बोट बुडवलं
आणि त्या पांढऱ्यावर गाव काढायला घेतलं.
ही करडी शीर, ही आमची नदी.
करवतींचा गाळ पिऊन दुधासारखी वाहायची.
हा पूल. यावरून आगगाडी दगड न्यायची, आता ट्रक.
हे चर्च, नऊशे वर्षांचं.
फुटपाथसुद्धा संगमरवरी,
पावसात म्हाताऱ्या घसरतात
आणि नगरपालिकेचा उद्धार करतात.
वर डोंगर. प्रवासी विचारतात, जूनमध्ये बर्फ कसा?
बर्फ कुठला, दोन हजार वर्षांचा चुरा तो.
रोमन लोकांचे गुलाम फटीत लाकडाची पाचर ठोकायचे, सुकी,
आणि तिला पाणी पाजत बसायचे.
लाकूड फुगे, डोंगर उकले.

मी सरळ होऊन बसलो.
ही पाचर माझ्या आज्याची होती.

वरच्या खेड्यात, तो सांगत होता,
संगमरवराच्या कुंड्यांत मीठ, मिरी, लसूण घालून...
इथं त्यानं गुलजमानकडे पाहिलं,
...एक प्रकारचं लोणचं मुरवतात. सहा महिने.
"कसलं ते मला माहीत आहे," गुलजमान म्हणाला,
आणि चहाचा थर्मास त्याच्याकडे सरकवला.

एक मोठा शिल्पकार, म्हणे, महिनोन्महिने येऊन राहिला
एका ठोकळ्यासाठी.
"आणि ठोकळा खाली कुणी आणला?"

बोट थांबलं.
मग उतारावर एक रेघ आली, सावकाश.
साबण लावलेले ओंडके, तीन दोरखंड,
आणि ठोकळ्याच्या पुढ्यात एक माणूस,
ओंडके मांडत मांडत खाली येणारा.
"माझा आजा," तो म्हणाला.
दोर तुटला की शिंग फुंकायचे.
गावातल्या बायका दारात यायच्या.
कुणाचा, ते शिंग सांगायचं नाही.

आमच्याकडे म्हणतात,
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.
मला त्याला हे सांगायचं होतं,
आणि हेही, की टाकी धरणाऱ्याला काय येतं
ते कुणी म्हणून ठेवलेलं नाही.
पण पाव इंग्रजीत ते मावेना.

"तुझं गाव?" त्यानं बादली पुढे केली.

मी बार्शीकडचा एक रस्ता काढला.
रस्त्याच्या कडेला पालं. एक गाढव, पाठीवर पाटे-वरवंटे.
आमची खाण, आता पाणी भरलेली, पोरं पोहतात.
घरात आम्ही दगडाला रायी म्हणतो, तेही सांगितलं.
"रायी," तो म्हणाला. चुकीचं म्हणाला, पण दोनदा.
सुरुंग काढायला वेळ लागला.
बापाचा उजवा डोळा कसा काढायचा
ते सुचेपर्यंत
पालं वाळून गेली होती.
त्याचं चर्चही. पूल आधीच गेला होता.
सत्तेचाळीस डिग्रीत कुठलंच गाव टिकत नाही.

तीन वाजले. तो सही करून गेला.

पण आमच्या टाकीचं पाणी खारट.
तिरकं पाहिलं तर मिठाची बारीक रेघ उरलेली,
नदीची, रस्त्याची, दोन्ही एकमेकांत शिरलेल्या.
स्लॅब कुणाच्या तरी न्हाणीघरात जाणार होती.
मी पॅड फिरवला, नीट, तीनदा.
फक्त डावा कोपरा सोडला,
जिथं कमोडचं भोक पडणार होतं,
तिथं त्याचा आजा होता, उतारावर.
भोक मीच पाडलं, उद्याच्या पाळीत.
तो गोल तुकडा माझ्याकडे आहे.
त्यावर मी चहाचा ग्लास ठेवतो.