पुढे जायचं?

नागपूरच्या बंद पडलेल्या पतसंस्थेचे अकरा कॉम्प्युटर
आश्रमशाळेत आले, टमाट्यांच्या क्रेटमध्ये, तणसात गुंडाळून.
कुरखेड्यापासून पुढचा रस्ता तुम्हाला माहीत आहे.
चालू केले की पासवर्ड मागत,
कुण्या कॅशियरचा. तो आता काय करत असेल.

म्हणून स्वतःच एक सिस्टीम घडवायला घेतली.
पत्त्यांचे डाव काढले,
हवामानाची खिडकी काढली, तिला आमचं गाव सापडत नव्हतं.
गोंडीची अक्षरं घातली,
उसेंडी सरांनी वहीत जमवलेले चारशे शब्द,
आणि पडद्यावर विहिरीजवळचा मोह.
फोटोच्या कोपऱ्यात तुळशीरामची सायकल आली होती,
कापली नाही.

पेनड्राइव्ह ललिताचा. तिच्या लग्नाचे फोटो त्यात.
‘सर्व माहिती पुसली जाईल. पुढे जायचं?’
फोन लावला. ती म्हणाली, पुसून टाक ना दादा,
अल्बम आहे इकडं.
मग जरा थांबून,
आबाजी नाचले तेवढं काढून ठेवजो.
काढलं. चाळीस सेकंद, धोतराचा सोगा हातात.

एसडीए म्हणजे माझा लॅपटॉप, एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह.
एका अक्षरानं चुकलो तर माझंच घर साफ.
ओळ तीनदा वाचली, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखी.
बासष्ट टक्क्यांवर लाइन गेली.
लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली.

पहाटे चारला आली. तोवर आठवलं होतं
की ‘ळ’ तुटका दिसतो. तो नीट करून
सगळी इमेज पुन्हा बांधली, पुन्हा उतरवली.
दोन्हीकडचा तपासणीचा आकडा लावून पाहिला,
चौसष्ट अक्षरं, टोकापर्यंत सारखी.

‘बूट नाही होऊन राहिलं तं चप्पल घालून पाहा,’
तुळशीराम म्हणाला.
एफ बारा. काळा पडदा. काळाच.
मग मोह,
अन् तुळशीराम आपल्याच सायकलीकडं पाहत बसला.

नऊ चालले. दोघांनी ऐकलं नाही,
त्यांचं उद्या पाहू.
दुपारी सहावीतली जैवंता आली,
सर, मशिनीत एक म्हातारा नाचून राहिला.
घाईत ज्या फोल्डरात ठेवला होता
तो फोल्डरच इमेजमध्ये गेला.
नऊही पडद्यांवर आबाजी,
कुठं पाय वर, कुठं खाली,
थोडे थोडे मागंपुढं.

कोण होय, सर?
म्हटलं, हे त्याच्यासोबतच येतात.